आजोबांचे सुळे

इस्पितळाच्या तळमजल्यावर लिफ्टची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात मला आमचे भावोजी दिसले. काचेच्या पेटीत होते. तोंड वासलेलं, दोन्ही पंजे मांड्यांवर, वरच्या ओठाखालून निघून हनुवटीच्याही खाली आलेले दोन पांढरे सुळे, आणि वरून दिवा असा सोडलेला की कुणाला चुकून संतमहात्मा वाटावेत. भावोजींना जाऊन बरेच हिवाळे झाले. जिवंतपणी त्यांना कुणी संत म्हटलं असतं तर पहिल्यांदा तेच हसले असते, आणि हसताना त्यांची कवळी बाहेर पडली असती. परक्या शहरात ओळखीचं माणूस भेटावं तसं मला बरं वाटलं. विमान बदलून बदलून आम्ही पार उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या किंगाइत गावाहून कॅनडाच्या राजधानीत, ओटावाला आलो होतो. इथे झाडं फार, माणसं फार, आणि त्यातल्या प्रत्येकाला लगेच कुठेतरी जायचं असतं. मी मिआलीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कोपरानं ढोसलं. "ताई, ते बघ, तुझा नवरा. आपल्याआधी येऊन बसलाय."

मिआलीनं बघितलं. तिनं तळहात तोंडावर नेला, माझ्या विनोदावर ती नेहमीच नेते तसा, आणि मग ती खाली बसली. पडली नाही, बसली. आमच्याकडे बायका जमिनीवर मांडलेल्या मांसाभोवती बसतात तशी, पाय समोर सरळ सोडून, आणि त्या पायांत असल्या उकाड्यातही सीलच्या कातड्याचे बूट. लिफ्ट आली, उघडली, आत कुणीच शिरत नाही असं बघून बंद झाली. एक रखवालदार धावत आला. मी त्याला म्हटलं, काही नाही हो, घरचं माणूस भेटलंय. त्यानं इकडेतिकडे बघितलं, त्याला घरचं माणूस काही दिसलं नाही.

"तुला कुणी सांगितलं?" मिआली म्हणाली.

"काय सांगितलं?"

"हे." तोंडावरचा हात न काढता तिनं नजरेनंच पेटीकडे दाखवलं. "हे सुळे. हे तोंड. तू तेव्हा जन्मलासुद्धा नव्हतास." मग स्वतःची चूक दुरुस्त करावी तशी हळूच म्हणाली, "म्हणजे, होतास. तूच होतास."

छातीत काहीतरी घसरल्यासारखं झालं. समुद्राच्या कडेचा बर्फ पायाखाली नुसता हलतो, अजून फुटलेला नसतो, तेव्हा होतं तसं. वास्तविक त्या मूर्तीत घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती मीच केलेली. एका वर्षी सरकारी दातांचा डॉक्टर विमानानं गावात आला, त्यानं भावोजींचे, म्हणजे पाउलुसीचे, होते नव्हते ते सगळे दात उपटले, आणि काही महिन्यांनी एका खोक्यातून नवीन कवळी पाठवली. ती कुणाच्या मापाची होती देव जाणे, पाउलुसीच्या मापाची नव्हती. पण सरकारनं दिलंय म्हणून ते ती घालून प्रार्थनेला आले, आणि पहिल्याच कडव्याला पुढच्या रांगेतल्या बाईच्या टोपीवर तुषार उडाले. त्या आठवड्यात माझ्याकडे एक हिरवा दगड होता, अंगात काळी शीर असलेला. मी पाउलुसी घडवले. कवळी दगडात उठेना म्हणून वॉलरसच्या दाताचे दोन तुकडे घासून बसवले. सहकारी दुकानात विकत घ्यायला दक्षिणेकडचा एक माणूस आला होता. त्यानं मूर्ती हातात फिरवली, डोळे बारीक केले आणि आवाज खाली आणून विचारलं, "मांत्रिक आहे का?" मी भुवया वर केल्या. आमच्याकडे भुवया वर केल्या की झालं, हो. नाही म्हणायचं तर नाक मुरडायचं. एवढ्या कामासाठी तोंड उघडायची गरज आम्हाला कधी पडली नाही.

दक्षिणेकडच्या लोकांना मांत्रिक मनापासून आवडतात. अस्वल केलं तर ते अस्वल असतं, आणि अस्वलं त्यांच्याकडे पुष्कळ झालेली असतात. पण घासताना त्या अस्वलाचा एक पाय मोडला तर? तिथे माणसाचा पाय कोरून द्यायचा. मग ते अस्वल राहत नाही, अस्वल होत असलेला मांत्रिक होतो, आणि घेणारा कुजबुजायला लागतो. माझ्या हातून जितके पाय मोडले तितके मांत्रिक जन्माला आले. घुबडाची मान तुटली, मांत्रिक. सीलच्या शेपटीला तडा गेला, मांत्रिक. पट्ट्यानं डोकं बांधून आडवी झालेली बाई आणि पट्टा ओढणारा म्हातारा, ही जोडी तर मी इतक्यांदा केलीय की हात आपोआप तसे वळतात. खरा मांत्रिक मात्र मी आयुष्यात बघितला नाही. आमच्या घरात तो विषय नव्हता. आमच्या बोलीतला त्याचा शब्द, अंगाक्कुक, कुणी चुकून काढला तर आई चहाची किटली चुलीवर आपटायची आणि सगळे जण एकदम हवेबद्दल बोलायला लागायचे. मूर्ती करून मी आयुष्य काढलं ते या भरवशावर की जे आपण बघितलेलं नाही ते कुणीच बघितलेलं नाही.

वर पडद्याआडच्या पलंगावर तिला निजवलं. जिभेच्या मुळाशी गाठ होती. डॉक्टरीण भली होती, आदल्या दिवशी तिनं हाताच्या मुठीवर बोट ठेवून दाखवलं होतं, गाठ इथे, कापणार इथून. आणि मग म्हणाली होती की जीव वाचेल, पण आवाज राहीलच असं नाही, निदान हा राहणार नाही. मी ते मिआलीला आमच्या भाषेत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुष्कळ बोलून झालंय." मी म्हटलं, तुझं झालं असेल, माझं ऐकून झालेलं नाही. तेव्हाही तिचा तळहात तोंडावर गेला होता. आणि आता, सगळं ठरलेलं असताना, हिरवा झगा घातलेली नर्स आली, तिनं विचारलं, "तयार ना?" आणि मिआलीनं नाक मुरडलं. नर्सला वाटलं औषधाचा वास येतोय. तिनं खिडकीची झडप उघडली. मिआलीनं परत नाक मुरडलं.

"नको म्हणतेय," मी म्हटलं आणि तिच्याकडे वळलो. "ताई, काय हे? काल हो म्हणालीस."

"आजोबांना विचारल्याशिवाय नाही."

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी सवयीनं भाषांतर करून बसलो. मिआलीच्या पांढऱ्या वेण्यांकडे बघून नर्सच्या डोळ्यांत जो आदर उभा राहिला तो मी जन्मात विसरणार नाही. "तिचे आजोबा?" ती म्हणाली. "ते... इथे आहेत?"

"वाटेत आहेत," मी म्हटलं.

"मग थांबते थोडी," ती अगदी हळू म्हणाली, आणि पडदा ओढून गेली. "पण फार नाही. आतले खोळंबतील."

हे आजोबा प्रकरण आमच्याकडे सरळ आहे. आईच्या वडिलांचं नाव उलायुक. ते गेले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी आलो, मग नाव मला नाही तर कुणाला देणार? आणि नाव आलं की माणूस आला. आई मला बाबा म्हणायची. मी रांगताना चहात हात घातला की, "बाबा, भाजेल हं," अशी अदबीनं समजूत घालायची, वडिलांवर ओरडणार कोण? मिआली मला आजोबा म्हणायची. रीतीप्रमाणे मीही तिला नात म्हणायला हवं होतं, आणि लहानपणी ती माझ्या मागे लागायची, "मला पोरी म्हण ना, एकदा म्हण." मी नाही म्हटलं. मला आजोबा व्हायचं नव्हतं, धाकटा व्हायचं होतं. धाकट्याला जास्त मिळतं. आणि मिळालंच की. चार (हा आमचा मासा, त्याच्या गालात मांसाचा बोटाच्या पेराएवढा गोळा असतो, माशाचं सगळं सुख तेवढ्यात) उकडला की तो गाल मिआली बोटानं काढून माझ्या तोंडात घालायची. हिवाळा लागायच्या आत पहिले बूट माझे शिवून व्हायचे, मग तिच्या पोरांचे, शेवटी पाउलुसीचे, आणि पाउलुसी दर वर्षी म्हणायचे, "आजोबांचे पाय गार पडले तर जगबुडी होईल, माझे पाय काय, आहेतच दोन." माझं लग्न, बायकोचं आजारपण, माझं शेड जळालं ते वर्ष, प्रत्येक वेळी दारात पहिली मिआली. दगडाच्या पांढऱ्या धुळीत बसून मी कधी कधी मनाशी म्हणायचो, उलायुक, तू काही फार मोठा माणूस नाहीस, पण जगात एक जण असं आहे की ज्याला तू उगाचच आवडतोस. इतकं पुरे असतं. त्यावर माणूस आयुष्यभर विनोद करू शकतो.

"ते पाउलुसी नाहीत," पलंगावरून मिआली म्हणाली.

"अगं, कवळी होती ती. तूच तर शिव्या दिल्या होत्यास मला ती मूर्ती बघून."

"मी ती बघितलीच नव्हती. तू म्हणालास तुझा नवरा घडवलाय, विकूनही टाकलाय. मी बघितली आज." तिनं छताकडे बघितलं. "पाउलुसीचे हात मांड्यांवर कधी होते का? त्याच्या हातात कायम काहीतरी असायचं. कप नाहीतर विडी."

ते खरं होतं. मी हात मांड्यांवर का केले? दगड कमी पडला म्हणून, असं मी स्वतःला लगेच सांगितलं. काळी शीर त्या बाजूनं गेली होती, कप कोरला असता तर फुटला असता. पण मला आठवेना. मला फक्त आठवत होतं की त्या दिवशी हात फार भरभर चालले होते, कानस अडली नव्हती, आणि संपल्यावर मी त्या तोंडात बोट घालून आतली धूळ काढली होती आणि बोट बराच वेळ गार राहिलं होतं.

"पाद्री यायचा," मिआली सांगायला लागली. आवाज जाड झाला होता, गाठीला चुकवून शब्द बाहेर येत होते. "कुत्र्यांच्या गाडीवरून, मनुकांचा डबा घेऊन. आम्हा पोरांना ओळीनं बसवायचा, प्रश्नाचं उत्तर दिलं की एक मनुका. नोहाच्या तारवात कोण कोण होतं, योनाला कुणी गिळलं. सगळ्यांना यायचं, मला नाही यायचं. त्या दिवशी माझ्या हातात एकही मनुका नव्हती. तर मी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या आजोबांना सुळे येतात."

"येत होते?" मी विचारलं. मला ते थट्टेत विचारायचं होतं, पण जमलं नाही.

"मी बघितले. कुणी आजारी असलं की दिवा विझवायचे. अंधारात आवाज यायचा, पाण्यातून वॉलरस डोकं वर काढतो तसा. मग आजोबा म्हणायचे, लावा, तेव्हा आई दिवा लावायची. एकदा तिनं लवकर लावला. सुळे होते. ओले होते."

पडद्यापलीकडे कुणाच्या तरी पलंगाची चाकं करकरली. मी म्हटलं, "किती मनुका दिल्या त्यानं?" हे माझं असंच आहे. छातीत धडधडत असलं तरी तोंड आपलं काम सोडत नाही.

"मूठभर," ती म्हणाली. "रविवारी पाद्र्यानं तळावरच्या सगळ्या माणसांना जमवलं आणि आजोबांना मध्ये उभं केलं. बस म्हणाला, ते बसले. हात असे ठेवले. म्हणाला, तोंड उघड, दाखव सगळ्यांना तुझे सुळे. आजोबांनी उघडलं. आत काय होतं? चारदोन काळे दात. आधी एक जण हसला, मग सगळेच हसले. जे त्यांच्याकडून बरे झाले होते तेही हसले. मीही हसले, आजोबा. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले, तोंडात मनुका होत्या त्या बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड तसंच उघडं. मिटायला कुणी सांगितलं नव्हतं ना." तिनं डोळे मिटले. "नंतर त्यांनी कुणालाच बरं केलं नाही. आजारी माणसं आणली तरी नाही. वसंतात बर्फाच्या कडेला गेले, सीलवर टपून बसायला. कुत्री तेवढी परत आली. आणि उन्हाळ्यात तू आलास."

ती बोलत राहिली, घाईघाईनं, खोळंबलेल्या लोकांची तिलाही जाणीव होती. "मला वाटलं, बरं झालं, परत आलेत, आता सगळं चांगलंचुंगलं देऊ. गाल दिले. बूट दिले. पण तू बोलायला लागलास आणि पहिल्यापासून हसवायला लागलास. घरात कुणी आलं की हसवणार, आणि हसवलंस की सगळ्यांना सोडून बघणार माझ्याकडे. मला कळायचं. हस आता, म्हणायचास. हस ना, तेव्हा हसली होतीस तशी. मी तोंडावर हात ठेवायची. जन्मभर ठेवला." मग आवाज लहान झाला, ओळीत बसलेल्या पोरीचा झाला. "आत गाठ आली ती त्यामुळेच. मला ठाऊक आहे. आज आवाज काढून घेतील, मग मला विचारता येणार नाही. आणि तुम्ही खाली येऊन बसलायत, तोंड उघडून."

धक्का बसला की माणूस ओरडतो वगैरे सगळं सांगण्यापुरतं असतं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसलो. थेंब पडत होते. माझ्या आत एकेक वस्तू जागेवरून उचलली जात होती. माशाचा गाल, तोंडात घातलेलं तिचं बोट, मीठ. बूट, त्यांच्या आतली सशाची फर, घातल्या घातल्या पायाला बसणारी ऊब. शेड जळालं त्या दिवशी दारात उभी असलेली मिआली, हातात चहा. सगळं तिथल्या तिथेच होतं, फक्त त्यावर नाव दुसऱ्याचं होतं. नाव तर तेच होतं, तीच पंचाईत. विनोद केला की मी तिच्याकडे बघायचो हे खरं. सगळे हसले तरी ती हसली का हे बघायचं असायचं, आणि तिचा हात तोंडावर गेला की मी खूश व्हायचो, वाटायचं, आत हसू दाबतेय. साठ-सत्तर वर्षं मी एका बाईला माझ्या परीनं खूश करत होतो आणि ती घाबरत होती. गावात माझ्याइतका विनोदी माणूस नाही असं लोक म्हणतात, हा त्याचा सगळ्यांत यशस्वी विनोद.

"पट्टा काढ," मिआली म्हणाली.

मला कळलं. कमरेच्या पट्ट्यानं डोकं बांधायचं, ओढणाऱ्यानं उचलायचं, आणि विचारायचं. डोकं जड झालं तर उत्तर हो. हलकं राहिलं तर नाही. दगडात मी हे कितीदा तरी केलं होतं. आईनं दाढ दुखताना चोरून एकदा केलेलं बघितलं होतं, तेही दाराच्या फटीतून. मी कमरेचा पट्टा काढला. पँट ढिली झाली, इस्पितळाचं जेवण जेवून माणूस वाळतो. तिच्या कपाळावरून, कानांच्या मागून पट्टा घेतला, वेण्या बाजूला सारल्या, गाठ मारली. तिच्या डोक्याच्या कातडीला साबणाचा आणि त्याखाली आमच्या घराचा, सीलच्या तेलाचा वास होता. सहज उचलून बघितलं. आलं. म्हातारीचं डोकं, त्यात वजन ते किती, दगडाच्या मध्यम घुबडाएवढं. दगड बघून नाही, हातात घेऊन ओळखायचा धंदा माझा. वजन मला फसवत नाही. मनात सगळं ठरवून झालं होतं. ती विचारणार, रागावलात का. मी डोकं हलकंच वर उचलणार. नाही रागावले. मग नर्सला बोलवायचं. इतके खोटे मांत्रिक केले, आणखी एक. बहिणीसाठी.

"आजोबा," मिआली डोळे मिटून म्हणाली, "तुम्ही रागावलायत का?"

मी ओढलं. डोकं आलं नाही.

आधी वाटलं, पट्टा पलंगाच्या कडीत अडकला. बघितलं, मोकळा होता. मग वाटलं, ती मान ताठ करतेय, मीच तिला शिकवलेली थट्टा माझ्यावरच करतेय. पण मान सैल पडली होती, गळ्याची कातडी उशीवर सांडली होती, ओठ किंचित उघडे. परत ओढलं. समुद्रकाठी खाणीतला दगड पहिल्यांदा हलवताना तसाच नकार मी हातांत ऐकला आहे. दगड तिथेच राहायचं ठरवतो, खालच्या सगळ्या बेटासकट. हाताच्या शिरा वर आल्या. आणि मला राग आला होता. इतका राग की डोळ्यांपुढची सलाईनची बाटली पांढरी झाली. माशाच्या प्रत्येक गालाचा राग. ते बूट माझ्या मापाचे होते, माझ्या पायांत होते, माझे नव्हते. मला ओरडून विचारायचं होतं, आणि मी? मी कधी आलोच नाही का? आधी डोकं जड झालं आणि मग राग आला, की राग आला म्हणून डोकं जड झालं, हा क्रम मला आजही लावता येत नाही. एवढंच सांगतो की रागावलेला एक म्हातारा त्या पडद्याआड होता, पट्ट्याचं टोक त्याच्या हातात होतं, आणि त्याचं नाव उलायुक होतं.

मिआलीच्या मिटलेल्या पापण्या थरथरायला लागल्या. तिला कळत होतं. अजून एक श्वास, की ती नाक मुरडणार, आणि मग तिला त्या दारातून आत कुणी नेऊ शकणार नव्हतं. गाठ मात्र वाढायला मोकळी. मी पाय फाकवले. खाणीवर बाकीचे बघत असतात तेव्हा दगड होडीत कसा चढवायचा ते मला येतं. सगळा जोर कमरेत, चेहरा रिकामा, जमलं तर काहीतरी गुणगुणायचं. मी गुणगुणलो. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. उशीपासून डोकं सुटलं, बोटभर, वीतभर, वर आलं, इतकं सावकाश आणि इतकं सोपं दिसेल असं की मला स्वतःला ते खरं वाटलं. आणि वर आल्यावर, कुठल्या क्षणी ते सांगता येणार नाही, ते परत घुबडाएवढं झालं.

"हलकं आहे, पोरी," मी म्हटलं. "बघ, किती हलकं आहे."

पोरी हा शब्द माझ्या तोंडातून पहिल्यांदा निघाला. मिआलीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली, पोर बघतं तशी, पापणी न लववता. मग तिनं भुवया वर केल्या.

पडदा सरकला. नर्स होती, मागे पलंग ढकलणारा एक दांडगा माणूस. "हो म्हणतेय," मी म्हटलं, आणि पट्टा सोडायला दोन्ही हात लागले. त्यांनी पलंगाच्या कड्या वर केल्या, चाकं मोकळी केली. मी बाजूला व्हायला एक पाऊल मागे टाकलं आणि माझी पँट खाली आली. अगदी गुडघ्यांपर्यंत. समोरच्या पलंगावरच्या बाईनं मान वळवली, दांडगा माणूस छताकडे बघायला लागला.

"आजोबा," मिआली म्हणाली, "आधी झाका, मग बरं करा लोकांना." आणि हसली. तिचे दोन्ही हात चादरीवर होते, तिथेच राहिले. तोंड सगळं उघडं, आतले उरलेसुरले दात, लाल जीभ, जिभेच्या मुळाशी ती गाठसुद्धा दिसली असेल. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला हसताना बघितलं. मोठ्यानं हसते ती, फार मोठ्यानं, खोकल्यासारखं. दांडगा माणूसही हसला, समोरची बाईही. मी पँट वर घ्यायची घाई केली नाही. तिचा पलंग वळेपर्यंत तसाच उभा राहिलो, हात मांड्यांवर, आणि माझं तोंड उघडं आहे हे मला बऱ्याच वेळानं कळलं. दारापलीकडून तो आवाज थोडा वेळ येत राहिला.

नर्स मागे राहिली होती. तिनं दुसरीकडे बघत मला पट्टा घालू दिला. मग रिकाम्या जागेकडे, पडद्याकडे, जिन्याकडे बघून तिनं विचारलं, "आणि तिचे आजोबा? आले का शेवटी?"

मी भुवया वर केल्या. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.